सरासरीत हरवलेला माण तालुका

गेल्या आठवड्यात आमच्या प्राध्यापिकाबाईंनी माझा एक स्तंभालेख गुण न देता परत केला, आणि लंडनला आल्यापासून इतके वाईट मला कशाचेच वाटले नव्हते. आलेख महाराष्ट्रातील जिल्ह्यांच्या वार्षिक पावसाचा होता. आकडे दोनदा तपासलेले होते, अक्षांना नावे होती, स्तंभ शून्यापासून सुरू होत होते. बाईंनी साताऱ्याच्या स्तंभावर बोट ठेवून एवढेच विचारले, "तुमचे गाव यात कुठे आहे?"

माझे गाव माण तालुक्यातले. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर त्याच सातारा जिल्ह्यात आमच्या माणमधील दहिवडीच्या बाजूला जेमतेम पाचशेच्या आसपास. या सगळ्यांची सरासरी काढून मी जो स्तंभ उभा केला होता, तेवढा पाऊस महाबळेश्वरचाही नव्हता आणि आमच्या शिवाराचा तर नव्हताच. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत वाढलेल्या माणसाने स्वतःच्याच गावाला कागदावर भरपूर पाणी दाखवले होते.

बाईंचा नियम असा, की प्रत्येक नोंद आधी ठिपका म्हणून कागदावर मांडायची आणि ते ठिपके पाहिल्याशिवाय सरासरी काढायचीच नाही. सुरुवातीला या नियमाचा मला फार राग येई, कारण जे गणित दोन मिनिटांत सुटते त्यासाठी संपूर्ण दुपार खर्च होत असे. मग संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अँस्कम यांनी १९७३ मध्ये मांडलेल्या आकड्यांच्या चार संचांचे आलेख त्यांनी आमच्याकडून काढून घेतले. प्रत्येकात ११ बिंदू, चारही संचांत क्षची सरासरी ९, यची सुमारे ७.५ आणि सहसंबंध, म्हणजे क्ष आणि य किती एकत्र वाढतात-घटतात याचे माप, सुमारे ०.८२. आकड्यांवरून चौघांत फरक करता येत नाही. काढल्यावर मात्र एकात ठिपके रेषेभोवती सैल विखुरलेले दिसतात, दुसऱ्यात वक्र, तिसऱ्यात सरळ रेषेतून निसटलेला एकच बिंदू आणि चौथ्यात एका उभ्या रांगेपासून दूर पडलेला एक. त्या दुपारी माझा राग मावळला.

तरीही आपल्याकडे हे शिकवलेच जात नाही, असे कोणी म्हटले तर मला ते मान्य नाही. दहावीला आलेख कागदाच्या कोपऱ्यात प्रमाण लिहायला विसरले की गुण जात, आणि ती शिस्त मला इथे रोज उपयोगी पडते. इथे वर्गात आम्ही अठरा जण आहोत. साठ-सत्तर मुलांच्या वर्गात प्रत्येकाला "तुझे गाव कुठे आहे" असे विचारायला आमच्या गुरुजींना वेळ कुठून मिळणार होता?

रविवारी मी लंडनच्या सोहो भागातील ब्रॉडविक स्ट्रीटवर गेलो. १८५४ मध्ये इथे आलेल्या कॉलऱ्याच्या साथीत डॉक्टर जॉन स्नो यांनी नकाशावर प्रत्येक मृत्यूसाठी त्या त्या घरापाशी एक काळी रेघ मारली, आणि रेघांची दाटी पाण्याच्या एका सार्वजनिक पंपाभोवती दिसली. त्याहून महत्त्वाची मला जिथे रेघा नव्हत्या ती जागा वाटते. जवळच्या मद्यनिर्मिती कारखान्याची स्वतःची विहीर होती, आणि तिथले कामगार वाचले. लंडनच्या एकूण मृत्यूंच्या सरासरीतून ती विहीर कोणालाच दिसली नसती.

परतल्यावर मी साताऱ्याचा आलेख तालुकावार ठिपक्यांनी पुन्हा काढला. माणचा ठिपका अगदी डावीकडे, महाबळेश्वरचा उजव्या टोकाला एकटा. बाईंना तो आवडला. तेव्हा मी त्यांना अभिमानाने सांगितले, की महाराष्ट्रात पाऊस महसूल मंडळनिहाय मोजतात आणि २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, तर त्या मंडळात अतिवृष्टी धरली जाते. त्यांनी लगेच विचारले, की एका मंडळात गावे किती असतात. बरीच असतात, आणि पर्जन्यमापक बहुधा एकच. "ढग मापकावर फुटला, माझं रान कोरडंच राहिलं," ही वडिलांची दरवर्षीची तक्रार मला तिथेच आठवली. मंडळांचे आकडे आता मागवले आहेत.