एकोणिसावी तार

दोन आठवडे मी माझ्या सायकलच्या बिचाऱ्या डिरेलरला (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागाला) शिव्या घालत होते. चेन मागच्या चाकाच्या मोठ्या दातेरी चकतीवर चढताना कुरकुर करायची. मग मी बॅरल ॲडजस्टर, म्हणजे गिअरच्या केबलचा ताण बदलायची फिरकी, पाव फेरा उलटा फिरवून केबल ताणायची. दोन दिवस सगळं गुळगुळीत, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच, पुन्हा पाव फेरा. इतक्यांदा फिरवल्यावर तरी मला कळायला हवं होतं. नवी केबल पहिले काही दिवस ढिली पडते. आउटरची, म्हणजे केबलवरच्या नळीची, टोकं आपापल्या जागी बसत असतात, ते ठीक. पण जुनी, मुरलेली केबल अचानक रोज ढिली पडायला लागली, तर ती ढिली पडत नसते, तुटत असते. एकेक तार.

शेवटी एका चढावर ‘टक्’ झालं आणि उजवा शिफ्टर (ब्रेकच्याच लिव्हरपाशी बसवलेला, गिअर बदलायचा खटका) आटे गेलेल्या नळासारखा नुसताच फिरायला लागला. चेन झरझर उतरून सगळ्यांत लहान चकतीवर जाऊन बसली, म्हणजे सगळ्यांत जड गिअर. डिरेलरची स्प्रिंग त्याला कायम तिकडेच ओढत असते, केबलने धरून ठेवलेलं असतं म्हणून तो वर राहतो. पुढची लहान चकती चालू होती, म्हणून उभ्याने पेडल मारत कशीबशी घरी पोचले. (जवळ स्क्रूड्रायव्हर असेल तर एक युक्ती आहे. डिरेलरवरचा ‘एच’ लिहिलेला लिमिट स्क्रू, म्हणजे चेनने कुठवर सरकायचं ते ठरवणारा, आत पिळत गेलं की चेन एखाद-दोन चकत्या वर सरकते आणि तिथेच राहते. हे मला घरी आल्यावर कळलं, त्यामुळे जास्तच चिडचिड झाली.)

केबल मधेच कुठेतरी तुटली असेल असं वाटलं होतं. नाही. ती शिफ्टरच्या पोटात तुटली होती, मुंडीपासून, म्हणजे टोकाच्या धातूच्या बोंडापासून, जेमतेम दोन बोटं अंतरावर. आत एक छोटी चाकी असते, केबलची मुंडी तिच्यात अडकवलेली. प्रत्येक क्लिकला ती चाकी थोडी फिरते आणि केबल गुंडाळते किंवा सोडते. जुन्या शिफ्टरांमधून केबल मिशांसारखी बाजूला निघायची, ऐसपैस वळण घेऊन. आता ती हँडलबारच्या टेपखालून जाते, दिसायला सुरेख, पण शिफ्टरच्या आत तिला फार आखूड वळण घ्यावं लागतं. तेच दोन सेंटिमीटर हजारो वेळा वाकतात. तार वाकवून-वाकवून तोडतो ना आपण हाताने, अगदी तसंच.

तर मुंडी आत, तिला चिकटलेला तारांचा झुपका आत, आणि उरलेली केबल बाहेर निर्धास्त लोंबकळत. शिफ्टरवरच्या रबरी हूडची, म्हणजे आवरणाची, कड उलटवली, ब्रेक लिव्हर दाबून धरला, टॉर्च मारला. आत ग्रीस, आणि ग्रीसमध्ये घायपाताच्या दोरीचा सुंभ सुटावा तशा तारा. अशा वेळी गिअरचा लिव्हर जोरजोरात दाबायचा नाही, हे मात्र मला ठाऊक होतं. सुटी तार दातऱ्यांत गेली की पूर्ण शिफ्टरच जाम होतो, आणि हे शिफ्टर आतून उघडून दुरुस्त करायच्या लायकीचे नसतात.

पक्कड आत जाईना. भुवया कोरायचा चिमटा गेला, पण पकड नाही. शेवटी शिवणाच्या डब्यातली क्रोशाची सगळ्यांत बारीक सुई काढली. हिच्या टोकाला आकडा असतो. तार त्यात अडकवायची, हलकेच बाहेर ओढायची, चिमट्याने धरून उपटायची. दाताच्या डॉक्टरसारखं. झुपका विरळ झाल्यावर गिअरचा छोटा, केबल सोडणारा लिव्हर अगदी हळू, एकेक क्लिक दाबत गेले. चाकी फिरत फिरत मूळ जागी आली आणि मुंडी भोकासमोर दिसली. समोरच्या बाजूने दुसऱ्या एका जुन्या केबलच्या तुकड्याचं धड टोक घालून ढकललं, तर टुपकन बाहेर. ज्वारीच्या दाण्याहून जेमतेम मोठी. दीड तास तिच्यापायी!

गिअरची केबल १९ तारांच्या पिळाची असते. मी पांढऱ्या कापडावर मोजल्या. मुंडीला अजून चिकटलेल्या आणि सुट्या मिळून १७. अठरावी हूडच्या आत ग्रीसला चिकटलेली सापडली. एकोणिसावी काही केल्या मिळेना. शिफ्टर उलटा करून झटकला, फुंकर मारली, चुंबक फिरवला. शेवटी नाद सोडला.

नवी केबल घालणं म्हणजे नाडी ओवणं. फरक एवढाच की नाडीला सेफ्टी पिन लावता येते. गिअरची केबल साधारण १.२ मिलिमीटर जाडीची, ब्रेकची त्याहून जाड, त्यामुळे अदलाबदल होत नाही. मात्र कॅम्पाग्नोलो कंपनीच्या केबलची मुंडी इतरांपेक्षा किंचित बारीक असते, ते विकत घेतानाच बघायचं. आणि नव्या केबलचं टोक ओवून होईपर्यंत अजिबात कापायचं नाही. कारखान्यातून ते बंद करून आलेलं असतं. एकदा फिसकटलं की सुईत न जाणाऱ्या दोऱ्यासारखी गत, आणि इथे थुंकी लावून भागत नाही. टोकाला बोटभर हलकासा बाक दिला की आतलं वळण ते आपणहून घेतं.

माझं मात्र घेईना. तीनदा, चारदा, दर वेळी आत भिंत. चष्मा पुसला, टॉर्च बदलला. मग लक्षात आलं की मी केबल आणायला आत गेले होते तेव्हा चिरंजीव तिथे बसले होते.

“तू हे दाबलंस का रे?”

“फक्त तीनदा, आई. आवाज मस्त येतो.”

तीन क्लिक म्हणजे चाकी तीन घरं पुढे, भोकासमोर भोकच नाही. छोटा लिव्हर क्लिक यायचे थांबेपर्यंत दाबला, म्हणजे शिफ्टर पुन्हा सगळ्यांत लहान चकतीच्या जागेवर. केबल एका दमात पार झाली. मुंडी चाकीत बसेपर्यंत ओढली आणि बसल्याचं बोटांना कळलं.

फ्रेमच्या आतली वाट सोपी गेली, कारण जुनी केबल मी काढलीच नव्हती. तिच्यावरून बारीक प्लॅस्टिकची नळी सरकवली, मग केबल काढली, नळीतून नवी घातली, नळी काढली. जुन्या नाडीला नवी बांधून ओढतो, तोच प्रकार. डिरेलरजवळचा आउटरचा तुकडा बदलला, पावसाचं पाणी आणि माती तिथेच साठते. आउटर कापल्यावर आतलं अस्तर चेपतं, ते दाभणाने गोल करून घेतलं. पुढचं नेहमीचं: केबल ताणून बोल्टखालच्या खाचेत धरायची, आवळायची (माझ्या डिरेलरला ६ ते ७ न्यूटन मीटर), हाताने एकदोनदा जोरात ओढायची, ढिली पडली की पुन्हा आवळायची. लिमिट स्क्रूंना हात लावला नाही. त्यांचा काही गुन्हा नव्हता.

दोन दिवसांनी उजव्या अंगठ्यात ठणका लागला. भिंगातून पाहिलं तर नखाच्या कडेला एक चकचकीत टोक. तोच चिमटा आणला. पाऊण सेंटिमीटर निघाली.

मग डावा शिफ्टरही उघडला. हूड उलटवला, टॉर्च मारला. दोन तारा सुटून वर आल्या आहेत. या वेळी मुंडी केबलला धरून आहे तोवरच काढणार आहे, आणि चिरंजीवांना आधी बाहेर पाठवणार आहे.