५० मीटरसाठी .२२ चं काडतूस निवडताना: माझा अनुभव

.२२ (सुमारे ५.६ मिमी जाडीची गोळी लागणाऱ्या) रायफलसाठी काडतूस घ्यायचं म्हटलं की बहुतेक जण बॉक्सवरचं नाव आणि किंमत बघतात. मीही तसंच केलं. पण कुठली गोळी चालेल हे शेवटी नळी ठरवते, आणि एकाच नावाच्या दोन लॉटमध्येही (लॉट म्हणजे कारखान्यात एका वेळी बनलेला, एकच नंबर असलेला साठा) ती फरक करते. म्युनिकमध्ये २०१० साली तेजस्विनी सावंत यांनी प्रोनचं (पडून नेमबाजीचं) जगज्जेतेपद मिळवलं, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पडून आणि उभं राहून) कांस्य. दोन्ही प्रकार याच काडतुसावर खेळले जातात. कोल्हापुरात एअर रायफलवरून .२२ कडे वळणाऱ्या प्रत्येकाला लॉट निवडावा लागतो, म्हणून सगळं तपशिलात लिहितोय.

उसात शिरणाऱ्या रानडुकरांवर .२२ चालेल का, असं उसाच्या पट्ट्यात हमखास विचारलं जातं, ते आधी सांगून टाकतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे वन विभागाच्या परवानगीशिवाय रानडुक्कर मारता येत नाही, आणि खेळासाठी मिळालेला शस्त्रपरवाना म्हणजे ती परवानगी नव्हे. शिवाय .२२ ची ४० ग्रेनची, म्हणजे जेमतेम २.६ ग्रॅमची शिशाची गोळी डुकराला जखमी करून सोडते, आणि जखमी डुक्कर माणसावर येतं. तेव्हा इथे फक्त निशाणाच्या कागदाबद्दल.

५० मीटरवर दहाचं वर्तुळ १०.४ मिमी व्यासाचं असतं. गोळी ५.६ मिमीची, आणि तिची कड रेषेला शिवली तरी दहा मिळतात. म्हणजे गोळीचा मध्य केंद्रापासून ८ मिमीच्या आत हवा. दशांशात मोजताना दर ०.८ मिमीला ०.१ गुण जातो. रायफल आणि गोळी मिळून मध्य ते मध्य १६ मिमीचा ग्रुप (एकाच नेमाने झाडलेल्या गोळ्यांच्या भोकांचा पुंजका) टाकत असतील, तर नेमबाजाच्या चुकीला जागाच उरत नाही.

जास्त वेगाची गोळी वाऱ्यात कमी सरकेल असं मला वाटायचं. .२२ मध्ये नेमकं उलट होतं. स्टँडर्ड गोळी साधारण ३२५ ते ३३० मीटर प्रति सेकंद वेगाने निघते, ध्वनीच्या वेगाच्या जरा खाली. हाय व्हेलॉसिटी गोळी ३७५ च्या आसपास निघते, पण ध्वनीच्या वेगाजवळ हवेचा विरोध एकदम वाढतो आणि ती वेग भराभर घालवते. वाऱ्याने किती सरकायचं हे या घालवलेल्या वेगावर ठरतं. स्टँडर्ड गोळीसुद्धा सेकंदाला १ मीटरच्या आडव्या वाऱ्यात ६-७ मिमी सरकते, मग आणखी कशाला वाढवा? हाय व्हेलॉसिटी यादीतून गेली.

क्लबच्या साठ्यात स्टँडर्ड वेगाचे पाच लॉट होते. प्रत्येकाचे ५० चे दोन बॉक्स, एकूण ५०० गोळ्या. एवढा खर्च जड वाटतो, पण चुकीच्या लॉटच्या ५००० गोळ्या त्याहून जड. हिवाळ्यात सकाळी साडेसहाला सुरुवात, वारा उठायच्या आत संपवायचं. १० आणि ३० मीटरवर वारा दाखवणाऱ्या झेंड्या. रायफलच्या पुढे रेस्ट म्हणजे टेकू, मागे वाळूची पिशवी. स्लिंगवर, म्हणजे हाताला बांधलेल्या पट्ट्यावर रायफल पेलून, चाचणी केली तर स्वतःचाच ग्रुप मोजला जातो. प्रत्येक बॉक्समधल्या पहिल्या १० गोळ्या हिशोबात धरायच्या नाहीत, कारण गोळीवरचं मेण प्रत्येक कंपनीचं वेगळं आणि नळीला ते बसायला वेळ लागतो. उरलेल्या ४० चे १०-१० चे चार ग्रुप. दुसऱ्या दिवशी लॉटचा क्रम उलटा, म्हणजे एकाच लॉटच्या वाट्याला दोन्ही दिवस चांगली वेळ येत नाही.

मोजताना एक गोष्ट सांभाळा. कागदातलं भोक गोळीपेक्षा थोडं लहान पडतं. म्हणून एकाच गोळीचं भोक व्हर्नियरने मोजायचं आणि ग्रुपच्या बाहेरच्या मापातून तेवढंच वजा करायचं, ५.६ नाही. उंची आणि रुंदी वेगवेगळी लिहायची.

पहिल्या दिवशी पाचही लॉट तिरके पसरले. सगळेच लॉट एकाच तऱ्हेने बिघडले तर दोष गोळीत नसतो. पुढचा ॲक्शन स्क्रू (नळी आणि बोल्टचा भाग दस्त्याला धरून ठेवणारा) ढिला निघाला. उद्यमनगरातून टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच आवळणारा पाना) तपासून आणला, दोन्ही स्क्रू रायफलच्या पुस्तिकेतल्या आकड्यावर आवळले आणि नवे बॉक्स काढून तो दिवस पुन्हा केला.

सगळ्यात लहान सुटा ग्रुप ज्या लॉटने दिला तो मी घेतला नाही. त्याचे बाकीचे ग्रुप उभे ताणलेले होते. क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) त्याच्या सर्वांत मंद आणि सर्वांत जलद गोळीत सेकंदाला १४ मीटरचा फरक आला. ५० मीटर जाईपर्यंत गोळी सुमारे १२ सेंटिमीटर खाली येते. वेगात १० मीटरचा फरक पडला तर त्यात साधारण साडेसात मिमीचा फरक पडतो, १४ ला साडेदहा. सोळातले साडेदहा गोळीनेच खाल्ले. निवडलेल्या लॉटचा एकही ग्रुप सर्वांत लहान नव्हता, पण आठही ग्रुप जवळपास सारखे आणि गोल होते. सरासरी आणि उंची बघा. एका सुंदर ग्रुपच्या मोहात पडू नका.

काही भरकटलेल्या गोळ्यांची कारणं लॉटबाहेरची निघाली. बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून मागून बंद करणारा दांडा, बंद करताना जड लागायला लागला तर चेंबरच्या (काडतूस बसतं त्या जागेच्या) पुढे कार्बनचं कडं जमलेलं असतं. ते काढल्याशिवाय कुठलाच लॉट तपासू नका. गोळी तापलेल्या चेंबरमध्ये एक-दोन मिनिटं राहिली तर दारू गरम होऊन ती वर लागते, एप्रिलमध्ये तर हमखास. वारा थांबायची वाट बघायची असेल तर बोल्ट उघडा ठेवून बघा. मेण बोटांनी पुसायचं नाही. चाप ओढूनही बार उडाला नाही तर नळी निशाणाकडेच धरून ३० सेकंद थांबा, मग बोल्ट उघडा. रिकाम्या चेंबरवर चाप ओढायची सवय असेल तर आत वापरलेली पुंगळी ठेवा, नाहीतर काडतूस पेटवणारी पिन चेंबरच्या कडेवर आपटून कड दबते.

लॉट ठरला की लगेच घ्या. तोच नंबर पुन्हा मिळत नाही. परवान्यावरची मर्यादा आधी बघा आणि बसेल तेवढा एकदम उचला, नोंद त्याच दिवशी करून घ्या. आपल्या पावसाळ्यात पुठ्ठ्याचे बॉक्स ओल धरतात. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. वहीत लॉट नंबर, तारीख, तापमान आणि साइटचे क्लिक (नेम किती सरकवला ते) लिहा. मी १००० गोळ्या शिल्लक असतानाच पुढच्या लॉटची चाचणी लावतो, कारण तेव्हा जुन्या लॉटशी त्याच सकाळी तुलना करता येते.