पहिला नंबर आणि १७५ वा नंबर

परवा एक जुनी यादी परत उघडून बसले होते आणि खरं सांगते, हसावं की रडावं कळेना. ऑक्टोबर २०१९ चा ग्लोबल हेल्थ सिक्युरिटी इंडेक्स. साथ आली तर कुठला देश किती तयार आहे याचे मार्क, १९५ देश, पहिली अमेरिका, दुसरं ब्रिटन. दोन-तीन महिन्यांत कोरोना आला आणि मग एकट्या अमेरिकेत ११ लाखांहून जास्त माणसं गेली.

सगळ्यांनी त्या यादीची टर उडवली, पण मला वाटतं यादीपेक्षा वाचणाऱ्यांचं जास्त चुकलं, सगळ्यांनी नुसती बेरीज बघितली. आत एक रकाना आहे, लोकांना उपचार मिळतात का, आणि त्यात हीच अमेरिका १९५ पैकी १७५ वी! लॅब भारी, शास्त्रज्ञ भारी, पण ताप आलेला माणूस डॉक्टरकडे जाईल की नाही याचीच खात्री नाही.

आणि साथीत घोडं तिथेच अडतं ना. बिलाच्या धास्तीने माणूस चार दिवस दुखणं अंगावर काढतो, रजा घेतली तर पगार कापतील म्हणून खोकत खोकत कामावर पण जातो, टेस्ट केलेली नसते त्यामुळे सरकारी आकड्यात तो दिसतच नाही, आणि दिसेपर्यंत किती जणांना देऊन बसलेला असतो देव जाणे. तिथे साथीच्या आधीच अडीच कोटींहून जास्त लोकांकडे विमा नव्हता. ज्यांच्याकडे होता त्यातल्या बहुतेकांचा नोकरीला बांधलेला, आणि एप्रिल २०२० या एका महिन्यात दोन कोटींवर नोकऱ्या गेल्या. म्हणजे नेमकी गरज पडली तेव्हाच छत्री काढून घेतली. २०२२ मध्ये काही संशोधकांनी हिशोब मांडला की सगळ्यांना विमा असता तर मार्च २०२२ पर्यंत साधारण ३ लाख ३८ हजार जीव वाचले असते. मॉडेलचा अंदाज आहे, मान्य, पण निम्मा धरला तरी पोटात गोळा येतो.

याच्या उलट थायलंड. चीनबाहेरची पहिली केस १३ जानेवारी २०२० ला तिथेच सापडली. पण २००२ पासून तिथे ३० बाथमध्ये (बाथ हे तिथलं चलन) उपचार मिळायची सोय आणि गावोगावी मिळून १० लाखांच्या आसपास आरोग्य स्वयंसेवक, जे दारात येऊन विचारणार, कोण बाहेरून आलंय, कोणाला ताप आहे. २०२० च्या अख्ख्या वर्षात मृत्यू शंभराच्याही आत! (२०२१ मध्ये लस यायला उशीर झाला आणि डेल्टाने त्यांनाही झोडपलं, ते लपवत नाही.)

आता कोणीतरी म्हणणारच, मग ब्रिटनचं काय, तिथे तर १९४८ पासून उपचार जवळपास फुकट. बरोबर आहे. दार उघडं होतं पण आत खाटा आणि माणसं आधीपासूनच कमी, आणि लॉकडाऊन २३ मार्चपर्यंत लांबवलेला. नुसत्या उघड्या दाराने साथ थांबत नाही, पण बंद दाराने ती आणखी पसरते एवढंच माझं म्हणणं.

आणि जे एका देशात, तेच जगात. जानेवारी २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचे टेड्रोस यांनी आकडे सांगितले होते. श्रीमंत आणि बऱ्या परिस्थितीतल्या ४९ देशांत लसीचे ३ कोटी ९० लाख डोस देऊन झाले होते, आणि सगळ्यात गरीब देशांपैकी एका देशात २५. लाख-हजार काही नाही, २५ डोस.