बास ऐकूच येत नाही म्हणे!

"तू नेमकं वाजवतोस काय रे? ऐकूच येत नाही," असं मला आमच्याच बँडच्या ड्रमरने विचारलं होतं. मी वाजवतो बास, म्हणजे खालच्या सुरांची गिटार. वाद घातला नाही. पुढच्या गाण्यात एक अख्खं कडवं तारांवर तळवा ठेवून गप्प उभा राहिलो. दोन दोन गिटारी चालू होत्या, तरी गाण्याच्या पायाखालची फरशीच काढून घेतल्यासारखं झालं. सगळ्यात आधी वळून बघितलं ते त्यानेच.

बासची सर्वांत जाड तार सेकंदाला साधारण ४१ वेळा थरथरते. ती छातीत जाणवते. पण बँडची ओळख ठरते ती बहुतेकदा त्या खोल सुराच्या वर उमटणाऱ्या खरखरीने. मोटरहेड या रॉक बँडचा लेमी रिकनबॅकर कंपनीचा बास मार्शल कंपनीच्या अ‍ॅम्पमधून, मिड्स (मधले सूर) चढवून, पिकने वाजवायचा. तेही चक्क कॉर्ड, म्हणजे अनेक स्वर एकदम! गिटारवाले बदलत गेले, आवाज तोच राहिला. जॉय डिव्हिजन या बँडच्या बासवाल्या पीटर हुकची गंमत वेगळीच. गिटारच्या गोंगाटात स्वतःचं ऐकू येईना, म्हणून तो वरच्या सुरांकडे सरकला आणि गाण्याची चाल बासकडे आली.

मी अजून मूळ स्वरालाच चिकटून असतो. परवा धीर करून जरा वर गेलो, तर ड्रमर म्हणाला, "आता जास्तच ऐकू येतोयस."