फुगा आधी का चित्र आधी?

दिवाळीत नागपूरला गेलो तेव्हा बर्डीच्या बाजारातून आणलेली चित्रकादंबऱ्यांची (चित्रांच्या चौकटी आणि बोलण्याचे फुगे यांतून सांगितलेल्या गोष्टींची) पिशवी आज सहावीच्या वर्गात उघडली. कापूस वेचणीचे दिवस, त्यामुळे अर्धा वर्ग वावरात. हजर तेरा जण.

पहिलाच प्रश्न: "सर, हे वाचाचं कसं? फुगा आधी का चित्र आधी?" मी उत्तर जुळवत होतो तोवर मागून आवाज आला, "फुगा ढगावानी असन तं तो मनात बोलून रायला." मोठ्यानं वाच म्हटलं की मान खाली घालणारा हा पोरगा! एका पानावर शब्दच नव्हते. एका चौकटीत मुलगी दारात, पुढच्या चौकटीत दार रिकामं. "मधात काय झालं?" विचारलं, तर म्हणे, "रडली ना ते. पण दाखोलं नाई." चौकटींमधल्या त्या पांढऱ्या पट्टीत गोष्ट असते, हे कळायला मला चाळिशी उलटावी लागली.

स्टाफरूममध्ये मात्र, "कॉमिक्स कायले? अभ्यासाचं आणा काही." मग सांगितलं, २०२० मध्ये अमेरिकेतलं बालसाहित्याचं न्यूबेरी पदक पहिल्यांदाच एका चित्रकादंबरीला मिळालं. थोडा वेळ शांतता. (पदकाचा मला झालेला उपयोग एवढाच.)

खरी अडचण वेगळीच. चिऊ-काऊच्या पुढचं आणि मोठ्यांच्या अलीकडचं मराठीत नवं थोडंच, चित्रकादंबऱ्या तर त्याहून कमी. माझ्या पाचातल्या तीन इंग्रजी. उद्या फुग्यांवर कागद चिकटवून पोरं मराठी लिहिणार आहेत. जाता जाता विचारून गेलीत, "वऱ्हाडीत लिवलं तं चालन काय?"