तार तुटली तर काय करता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. तसे हे विचारणारे तुम्ही पहिले नव्हे. वरात चौकात थांबली, की ट्रॉलीच्या कडेला कुणीतरी येऊन उभं राहतंच. आधी बेंजोकडं वाकून बघतात, मग माझ्याकडं. “एकटाच काय वो? मधेच तार तुटली तर काय करता?” ढोलवाल्याला कुणी विचारत नाही, ढोलाचं पान फाटलं तर काय करतोस म्हणून. आमच्या बेंजो पार्टीत दोन ढोल आहेत, ताशा, झांज, ऑक्टोपॅड, एक खुळखुळा. सूर काढणारं वाद्य मात्र एकच. गायक नाही, कीबोर्ड नाही. गाणं म्हणून लोकांच्या कानावर जे काही जातं ते माझ्या दोन हातांतनं जातं.

तर तार तुटल्यावर काय होतं? खरं सांगायचं तर फारसं काही नाही. माझ्या बेंजोला सुराच्या तीन तारा आहेत आणि तिन्ही एकाच सुरात लावलेल्या. एक गेली तर आवाज जरा बारीक होतो, एवढंच. तुटलेलं टोक कळांच्या खाली जाऊन अडकलं तर वैताग, म्हणून ते उजव्या हातानं उपटून बाहेर फेकायचं, तेवढ्यात ताशेवाला दोन आवर्तनं ओढतो. पब्लिकला पत्ताही लागत नाही.

मला भीती वाटते ती कळा संपायची.

हे जरा समजावून सांगायला पाहिजे. बेंजो तुम्ही जवळनं बघितलाय का? पेटीवर ताणलेल्या तारा, आणि वर टाइपरायटरसारख्या कळा. डाव्या हातानं कळ दाबायची, ती तारेवर टेकते, उजव्या हातातल्या नखीनं तार छेडायची. आमच्या गल्लीत कोर्टाबाहेर टायपिंग करणारे एक काका राहायचे. ते म्हणायचे, “तुझं नि माझं मशीन एकच, माझ्या मशीनला फक्त शाई लागते.” चेष्टा होती, पण गोष्ट खरी निघाली. ह्या वाद्याचा मूळ पुरुष जपानचा. नागोया शहरातल्या मोरिता गोरो नावाच्या माणसानं १९१२ साली टाइपरायटरच्या कळा बघून तसलं तंतुवाद्य केलं, ताइशोगोतो त्याचं नाव. तेच आपल्याकडं येऊन बुलबुलतरंग झालं आणि वरातीत शिरल्यावर बेंजो. पुढं त्याला तारांचा आवाज उचलणारा पिकअप बसला, ॲम्प्लिफायर लागला, मागं जनरेटर आला. नागोयाच्या त्या माणसाला विसर्जनाच्या रात्री आमच्या ट्रॉलीवर आणून बसवायला पाहिजे होतं, असं मला नेहमी वाटतं.

तर कळा. माझ्या बेंजोत सव्वादोन सप्तकं आहेत. फर्माईश आली की अर्ध्या मिनिटात ठरवायचं, सुरुवात कुठल्या कळीवरनं करायची. धृपद खालीच फिरत असतं, त्यामुळं तिथं सगळं बरोबर वाटतं. अंतरा वर चढतो. आमच्या बेळगावकडं, नंदगडच्या पुढं एका गावात मी नाचणाऱ्यांच्या जोशात सुरुवातच वर धरली. अंतऱ्याची पहिली ओळ गेली, दुसरी चढली, आणि जिथं गाण्याचा सगळ्यात वरचा सूर, जिथं सगळ्यांचे हात वर जातात, तिथं माझं बोट लाकडावर पडलं. पुढं कळच नव्हती. तोच सूर एक सप्तक खाली घेतला. चुकीचा नव्हता तो, पण डोंगर चढत चढत टोकाला गेल्यावर माणूस एकदम खड्ड्यात दिसावा तसं झालं. वर गेलेले हात तसेच राहिले. एक म्हातारी ओट्यावरनं म्हणाली, “पडला की रे!” शब्दशः. अशा वेळी शेजारी कीबोर्ड असता तर त्यानं वरचा सूर उचलला असता.

आणि लपायला जागा नाही, ती ह्या वाद्याच्या घडणीतच नाही. गिटारवाला अडला तर कॉर्ड दाबून उभा राहतो, पेटीवाला चार बोटं ठेवून सूर धरतो. बेंजोत दोन कळा एकदम दाबल्या तरी सूर एकच वाजतो, वरच्या कळीचा. तार एकच ठिकाणी आखूड होणार, दुसरी कळ फुकट. म्हणजे एका वेळी एक सूर, जो वाजला तो वाजला, आणि तो टिकतही नाही. गाण्यातला लांब सूर धरायचा तर नखी सारखी थरथरवत ठेवायची. पहिली दोन वर्षं ह्यातच गेली. रिकामी जागा दिसली की मी भरायचो. दोन ओळींच्या मधे, कडव्यांच्या मधे, ढोलाच्या तोड्यावरसुद्धा. वाटायचं, मी थांबलो तर गाणंच थांबलं. दोन तासांत मनगट दगड व्हायचं.

माझे मामा ब्रास बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. एकदा शहापुरात माझी वरात ऐकायला येऊन उभे राहिले. दुसऱ्या दिवशी घरी बोलावलं, मामीनं चहा ठेवला, मामा बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, “वाजवूलास कुठं? टायपिंग करूलास.” मी गप्प. “आम्हाला फुंकायचं असतं, मधे श्वास घ्यावा लागतो. तुला श्वास लागत नाही म्हणून तू सुटलायस. ऐकणाऱ्याला दम लागतोय.” आणि त्यांनी एक सवय लावली. ओळ सुरू करताना श्वास भरून घ्यायचा, ओळ संपेपर्यंत धरायचा, श्वास सोडताना नखी उचलायची. नवा श्वास आल्याशिवाय नखी तारेला लावायची नाही. सोपं वाटतं ना? करून बघा. पहिल्या आठवड्यात मला घेरी आल्यासारखं व्हायचं.

पण त्या एका श्वासात काय काय होतं ते मला तोवर ऐकूच आलं नव्हतं. ताशा तिथं बारीक पेरणी करतो. ढोलवाला मान तिरकी करून वाट बघतो. आणि नाचणारे गाण्याची उरलेली ओळ स्वतः म्हणतात. आमच्याकडं गायक नाही असं मी वर म्हणालो, ते तेवढं खरं नाही. ट्रॉलीपुढं तीनशे असतात.

भाषेचं मग विचाराल, ते आत्ताच सांगतो. बेळगावची मुलगी, बैलहोंगलचा नवरा, असली लग्नं आमच्याकडं भरपूर. नवऱ्याच्या दोस्तांना कन्नड गाणी पाहिजेत, मुलीच्या भावांना मराठी. बेंजोला शब्द नसतात, म्हणून भांडण होत नाही असं तुम्हाला वाटेल. उलट आहे. गायक असता तर त्याला धरलं असतं, ढोलवाल्याला सगळं सारखंच, म्हणून दोन्हीकडचे येऊन माझाच शर्ट धरतात. मी एका चौकाला एक, पुढच्या चौकाला दुसरं, असा हिशेब ठेवतो. एकदा कन्नड गाण्याच्या ऐन अंतऱ्यात जॅकमधली वायर सुटली. ढोल चालू, ताशा चालू, मी बोटं हलवतोय आणि आवाज नाही. नवऱ्याच्या दोस्तांनी गाणं तसंच पुढं ओढलं. मुलीच्या भावांना शब्द येत नव्हते, ते नुसतं “हे… हे…” करत सुरात होते. मी गुडघ्यावर बसून वायर पिळत होतो, वर गाणं संपलं. पुढच्या चौकात पहिली फर्माईश मराठी आली, आणि ती द्यायला नवऱ्याचाच एक दोस्त आला होता.

गणपतीचं वेगळं. पाऊस असतो. बेळगावचा पाऊस रात्रभर थांबत नाही, आणि विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवसावर जाते. बेंजोवर प्लॅस्टिकचा कागद टाकायचा आणि हात आत घालून वाजवायचं. कळा दिसत नाहीत. तारांवर पाणी, बोटांवर गंज. त्यात जनरेटर मधेच दम खातो, ॲम्प्लिफायर गुणगुणायला लागतो. गेल्या साली आम्ही कपिलेश्वर तलावाच्या रस्त्याला लागलो तेव्हा उजाडलं होतं. पोरांचे आवाज बसलेले, ढोलवाल्याच्या बोटांना पट्ट्या. मी एक ओळ वाजवायचो आणि हात उचलायचो, पुढची ओळ तेच म्हणायचे, अर्धी घोगरी, अर्धी नुसती ओठांनी. ताशेवाला डोळे मिटून पेरत होता. झोपला होता की काय कुणास ठाऊक, पण लय हलली नाही.

मूर्ती पाण्यात गेली, आम्ही ट्रॉली बाजूला घेतली, चहा झाला. मला दुपारी उद्यमबागेत कारखान्यातल्या लेथवर उभं राहायचं होतं, म्हणून तिथंच कागद काढून बेंजो पुसायला घेतला. तीनातली एक तार नव्हती. एक टोक खुंटीला, दुसरं खाली कळांच्या मागं सरकून गुंडाळी होऊन बसलेलं, आणि त्याच्यावरचा गंज वाळलेला. कधी तुटली म्हणून ढोलवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, “तुलाच ठाऊक नाही, तर मला काय ठाऊक असणार?”