पॉलिकार्पच्या पत्रातला वालेन्स

दुसऱ्या शतकातले स्मुर्णाचे (आजचं तुर्कस्तानातलं इझमिर) बिशप पॉलिकार्प यांनी ग्रीसमधल्या फिलिप्पै शहरातल्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समाजाला, लिहिलेलं पत्र पहिल्यांदा वाचलं, तेव्हा माझी निराशाच झाली. चौदा छोटी प्रकरणं, तासाभरात संपली. पौल-पेत्राच्या पत्रांतले शब्द एकामागून एक येत राहतात; बिशपांचं स्वतःचं काय, ते मला सापडेना.

सापडलं ते अकराव्या प्रकरणात. वालेन्स नावाचा एक जण त्या मंडळीत ‘वडील’, म्हणजे मंडळीची देखरेख करणारा पुढारी, होता; तो द्रव्यलोभाला बळी पडला. नेमकं काय केलं, हे पत्रात नाही. मग वही घेऊन पुन्हा पहिल्यापासून बसले आणि लोभाचा उल्लेख दिसेल तिथे खूण करत गेले. दुसऱ्या, चौथ्या, पाचव्या, सहाव्या प्रकरणात खुणा पडल्या. विधवा, सेवक, वडील, सगळ्यांना तोच इशारा. पण सहाव्यात वडिलांना आणखीही सांगितलंय: कुणाविरुद्ध काही कानावर आलं तर लगेच खरं मानू नका, न्याय करताना कठोर होऊ नका, आपण सगळेच पापाचे ऋणी आहोत. वालेन्सचं नाव घेण्याच्या कितीतरी आधी त्याच्यासाठी जागा करून ठेवलेली!

आज मिळणारी ग्रीक हस्तलिखितं नवव्या प्रकरणातच तुटतात. तेराव्याचा बराचसा भाग चौथ्या शतकातला चर्चचा इतिहासकार युसेबियस याने उतरवून ठेवला म्हणून ग्रीकमध्ये राहिला. वालेन्सचा भाग फक्त जुन्या लॅटिन भाषांतरात आहे. सेमिनरीत शिकलेल्या मामेभावाला घेऊन त्या चार ओळींवर दोन संध्याकाळी घालवल्या. वालेन्ससाठी आणि त्याच्या बायकोसाठी मला फार दुःख होतं, असं बिशप म्हणतात. त्यांना शत्रू समजू नका. दुखऱ्या, भरकटलेल्या अवयवांना बोलवावं तसं परत बोलवा, म्हणजे तुमचं सगळं शरीर वाचेल. ‘रेव्होकाते’, परत बोलवा. ही आज्ञा आहे, आणि ती मंडळीला आहे. वालेन्सने आधी येऊन माफी मागावी, अशी अट तिथे मला दिसली नाही.

आमच्याही मंडळीत दोन वर्षांपूर्वी एकांच्या हातून हिशोबात अफरातफर झाली. त्यांच्या घराशी सगळ्यांनी बोलणं सोडलं, मीही. त्यांची बायको गायनात माझ्या शेजारी उभी राहायची. पॉलिकार्पने बायकोचाही वेगळा उल्लेख केलाय, हे वाचल्यावर मला पुढे जाता येईना.

परवा तिला फोन केला. ईस्टरच्या गाण्यांचा सराव शनिवारी सहाला आहे, एवढं सांगितलं.